मधलं सगळं ओगल्यांचं

ओगल्यांनी आयुष्यात कधी बॅट हातात धरली नव्हती. कबड्डी खेळले नाहीत, शर्यतीत पळाले नाहीत. बस सुटली तर तिच्यामागेही धावायचे नाहीत. "पुढची येतेच आहे, तिला वाईट वाटेल," म्हणायचे. आणि हा माणूस शनिवार-रविवार दुपारभर अर्ध्या पुण्याला खेळ सांगायचा. अर्धं पुणं म्हणजे माझंही जरा जास्तच झालं. मार्केट यार्ड, गुलटेकडी, बिबवेवाडी, सहकारनगर आणि पर्वतीच्या पायथ्याच्या चार गल्ल्या, एवढंच आमचं राज्य.

आमच्या केंद्राला नाव होतं, पाटीही होती, पण लोक त्याला नुसतं 'डबा' म्हणायचे. "डबा लाव रे." "डब्यावर काय म्हणतायत?" खासगी रेडिओला तेव्हा परवानगी नव्हती. आमचे मालक नाना कोंढव्याकडचे. शेत बिल्डरला गेलं आणि त्यांनी केबलचा धंदा टाकला. ते म्हणाले, "हवेतनं सोडायची बंदी हाय ना? मग वायरीतनं सोडू. वायर आपलीच हाय." झालं. केबलच्या वायरीला बिलगून दुसरी बारीक वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर गेली. तिच्या टोकाला लाकडी खोका, खोक्यात स्पीकर आणि आवाजाची एक कळ. चहाच्या टपऱ्या, सलून, पिठाच्या गिरण्या, गॅरेजं, सगळीकडे हे खोके लागले. टीव्हीवर तेव्हा जगभरचं क्रिकेट दिसायला लागलं होतं, पण आपल्या आळीतल्या पोराचं नाव त्यात कुठून येणार? ते डब्यावर यायचं. क्लबांचे सामने, कंपन्यांचे सामने, शाळांची कबड्डी. आईबाप हातातलं काम टाकून ऐकायचे.

मी तिथे आवाजाचं बघायची. त्याआधी चौदा वर्षं मी ट्रान्झिस्टरच्या कारखान्यात सोल्डरिंग करत होते. बाहेरचे स्वस्त सेट आले आणि आमच्या कारखान्याला टाळं लागलं. ओगलेही तसेच. एका जुन्या कारखान्यात ते टाइमकीपर होते, तिथला भोंगा त्यांच्या हाताने वाजायचा. त्यांनाही घरी बसवलं. "स्वेच्छानिवृत्ती म्हणतात बाई त्याला," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी."

तर आता आमची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

मैदानावर आमचा एकच माणूस असायचा, कदम. मैदानाजवळच्या कुठल्यातरी दुकानात रुपयाचं नाणं टाकायचा फोन असायचा. कदम एक षटक बघायचा, धावत जायचा, नाणं टाकायचा आणि भराभर सांगायचा, "सातवं षटक. एक, शून्य, चार, शून्य, शून्य, बाद. झेल." की परत पळत मैदानावर. ओगले स्टुडिओत उभे. बसून कधी बोलले नाहीत. गळ्याला रुमाल, गालात खडीसाखर आणि लवंग. कदमच्या त्या सहा शब्दांतून हा माणूस अख्खं षटक उभं करायचा. गोलंदाज कुठून धावत आला, फलंदाजाने हातमोजा कसा ओढला, कोणाची आई कुंपणापाशी पदर डोक्यावर घेऊन उभी आहे. मी दोन कॅसेट प्लेअर घेऊन शेजारी. एकात गर्दीची कलकल, दुसऱ्यात टाळ्या. चेंडू बॅटवर बसल्याचा आवाज मी पोळपाटावर लाटणं मारून काढायची. लाटणं माझ्या घरचं होतं. त्या दिवसापासून घरात पोळ्या बाटलीने लाटल्या, पण आवाज असा यायचा की ऐकणाऱ्याने मान वळवून बघावं.

"हे खोटं नाही का हो?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

ओगल्यांनी खडीसाखर या गालातून त्या गालात नेली. "धाव आणि बळी मैदानाचे, बाई. त्यात एक काडी मी घालणार नाही. मधलं सगळं आपलं."

आणि खरंच, धावेत त्यांनी कधी हात घातला नाही. एकदा नानांच्या मेहुण्याचा पोरगा शून्यावर बाद झाला. नाना स्वतः आत आले आणि म्हणाले, "दोन-चार रन टाका की ओ, पाव्हणे ऐकत्यात." ओगल्यांनी माईकवर हात ठेवला. "पाव्हण्यांना आवाजाची कळ दाखवा. डावीकडे फिरवली की बंद होतं." नाना चरफडत गेले. नंतर मात्र मला म्हणाले, "मानूस खडूस हाय, पर सोन्यासारखा हाय."

कदमचा फोन वेळेवर आला नाही की खरी मजा. कधी नाणं अडकायचं, कधी दुकानदार स्वतःच बोलत बसलेला असायचा, कधी बोलता बोलता खट्‌ करून लाइन तुटायची. त्या फोनवर उलटा फोन लागायचा नाही. मग पुढचं काही कळेपर्यंत ओगल्यांनी खेळ थोपवून धरायचा. धाव द्यायची नाही, बळी द्यायचा नाही आणि गप्पही बसायचं नाही. चेंडू नाल्यात जायचा. पंचांच्या चपलेचा अंगठा तुटायचा. एकदा त्यांनी मैदानात एक कुत्रं सोडलं. पांढरं, एका कानावर काळा ठिपका. नऊ मिनिटं ते कुत्रं यष्टींभोवती फिरत होतं आणि कोणाच्या हाती लागत नव्हतं. मार्केट यार्डात हमाल पोटं धरून हसले म्हणे. पुढच्या रविवारी एक बेकरीवाला बिस्किटांचा पुडा घेऊन मैदानावर हजर! "ते ठिपक्याचं कुत्रं कुठंय?" कदमने डोक्याला हात लावला. मग त्याने शोधून एक कुत्रं दाखवलं, ते तपकिरी निघालं. बेकरीवाला म्हणाला, "धुळीनं झालं असेल."

आम्ही आठवडाभर हसत होतो. मला मात्र तेव्हाच कुठेतरी लागलं होतं, की हा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी तपकिरी कुत्रं बघतोय आणि तरी ओगल्यांचंच खरं मानतोय.

दुसरा प्रसंग उन्हाळ्यातला. लाइन तुटली आणि ओगल्यांनी चार थेंब पाऊस पाडला. नुसते चार थेंब, पंचांनी आभाळाकडे बघावं इतकेच. पंधरा मिनिटांनी सहकारनगरातल्या एक बाई स्टुडिओचा जिना चढून आल्या. हातात परात, परातीत साबुदाण्याचे ओले पापड एकमेकांना चिकटून गोळा झालेले.

"कोण ते ओगले? बघा हे! डब्यावर पाऊस म्हणालात म्हणून धावत जाऊन उचलले. बाहेर बघा ऊन कसलं रणरणतंय! आमच्या वाड्यातल्या सगळ्या बायकांनी उचलले. आता हे कोण खाणार, तुम्ही?"

ओगले वाकून परातीत बघत म्हणाले, "वास चांगला आहे."

"मेल्यांनो!" म्हणून ती बाई परात तिथेच ठेवून गेली. आम्ही ते पापड खरंच तळून खाल्ले. खाता खाता मी म्हणाले, "ओगले, लोक तुमचं ऐकून उठतात हो. नुसतं ऐकत नाहीत, उठतात."

"लोकांनी ऐकावं म्हणूनच तर बोलतो आपण."

"एखाद दिवशी अंगाशी येईल."

"पापडांच्या पलीकडे काय येणार आहे बाई अंगाशी?" असं म्हणाले आणि माझ्या वाटणीचा पापड उचलून घेतला. मी हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

खैऱ्यांचं सांगायचं तर शंकर खैरे मार्केट यार्डात स्वतःचा टेम्पो चालवायचे. कांदा-बटाट्याच्या गाळ्यांसमोर एक चहाची टपरी होती, तिथे आमचा डबा होता. शनिवारी दुपारी त्यांचा टेम्पो टपरीला लागलेला असायचा, कारण त्यांचा मुलगा संतोष त्या भागातल्या एका क्लबाकडून खेळायचा. वय एकोणीस. वडील मैदानावर जायचे नाहीत. आपण बघायला गेलो की पोरगा बाद होतो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मैदान टपरीपासून टेम्पोने पाच मिनिटांवर, तरी ते टपरीवर बसून डब्यावर ऐकायचे. संतोष चांगला खेळला की आम्हाला दुसऱ्या दिवशी संत्री नाहीतर भाजीची पिशवी यायची, 'डबेवाल्या सायबांना' म्हणून. आम्ही त्यांना तोवर पाहिलेलं नव्हतं.

त्या शनिवारी संतोष तिसावर खेळत होता. ओगले रंगात होते. कदमचा फोन आला. मी दुसऱ्या रिसीव्हरवर ऐकत होते, म्हणून मला शब्द न्‌ शब्द माहीत आहे. कदम धापा टाकत म्हणाला, "संतोष खैरेला चेंडू लागला. कानामागे. खाली बसलाय." आणि खट्‌. लाइन गेली.

लागतो चेंडू. दर चार सामन्यांत कोणाला तरी लागायचा. ओगल्यांनी मला बोटाने कलकल कमी करायची खूण केली आणि बोलायला लागले. संतोषला चेंडू लागला आहे. तो खाली बसला आहे. सगळे खेळाडू गोळा झाले आहेत. इतपत सगळं खरं होतं. मग ते थांबले, टेलिफोनकडे बघितलं. टेलिफोन गप्प.

"आणि हा पाहा," ओगले म्हणाले, "संतोष उठून बसला."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कोणीतरी पाणी आणलं. संतोष पाणी प्यायला. उरलेलं डोक्यावर ओतून घेतलं. पंचांनी विचारलं, खेळणार का? संतोष हसला. आता तो उभा राहतो आहे, आणि प्रेक्षकांनी... इथे त्यांनी माझ्याकडे हात केला.

मी टाळ्यांची कळ दाबली.

दहा मिनिटं झाली. फोन नाही. पंधरा झाली. ओगले बोलतच होते. खेळ सुरू करता येत नव्हता, धाव द्यायची नव्हती. म्हणून संतोष पट्टी बांधून घेत होता, पॅड सोडून परत बांधत होता, कोणाला तरी हसून काही सांगत होता. जितका उशीर होत होता तितका तो पोरगा त्यांच्या तोंडी जास्त हसत होता. त्यांच्या गळ्याचा रुमाल ओला झाला होता. मी कागदावर लिहिलं, 'थांबवा.' त्यांनी मान हलवली. कसं थांबवणार? थांबवलं तर लोक घाबरतील ना! हे त्यांचं म्हणणं मला न बोलता कळलं आणि पटलंही. मी पुन्हा थोड्या टाळ्या सोडल्या.

पंचविसाव्या मिनिटाला फोन वाजला. कदम रडत होता; त्याच्या मागे कुठेतरी आमचाच डबा वाजताना ऐकू येत होता. "बंद करा. काय चालवलंय तुम्ही? बंद करा."

संतोष उठला नव्हताच. खाली बसला तो तसाच आडवा झाला, बेशुद्ध. लाइन तुटल्यावर कदम वाहन शोधायला पळाला होता. शनिवारची दुपार, मैदानावर सायकली आणि दोन स्कूटर. बऱ्याच वेळाने रस्त्यावर एक रिक्षा मिळाली. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, इतका वेळ काय करत होता? संध्याकाळी तो गेला.

ओगल्यांनी माईक बंद केला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्टुडिओत खाली बसले, जमिनीवर. "मी धाव नाही दिली, बाई," म्हणाले. दोनदा म्हणाले. मला त्यांना सावरायला हवं होतं, पण मला त्यांच्याजवळ जाववेना.

तेरावं झाल्यावर पुढच्या शनिवारी जिन्यावर पावलं वाजली. उंच, हडकुळा, पन्नाशीचा माणूस. हातात संत्र्यांची पिशवी. "मी शंकर खैरे. संतोषचा बाप."

ओगले उभे राहिले. खैऱ्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि हात जोडले.

"सायेब, तुमचे उपकार. शेवटचं त्याचं चांगलं तुम्हीच सांगितलं. पाणी प्याला, हसला म्हनालात. मी टपरीवर व्हतो. लागलं म्हनल्यावर मी उठलो व्हतो बघा, टेम्पोची किल्ली हातात घेतली. आन्‌ तुम्ही म्हनालात उठून बसला. म्हनलं, झालं मग. मी बी बसलो. चहा सांगितला. नंतर एकाएकीच झालं म्हना की त्याला. व्हय ना?"

खोलीत पंखा फिरत होता. मी ओगल्यांकडे बघत होते. मनात म्हणत होते, सांगा. आत्ता सांगा. टेम्पो पाच मिनिटांवर उभा होता हो, सांगा त्यांना.

"हो," ओगले म्हणाले. "एकाएकीच."

"हसला कसा? तोंडानं का नुसतं डोळ्यानं?"

"डोळ्यांनी आधी. मग तोंडाने."

खैऱ्यांनी मान डोलावली. "तसाच हसायचा तो," म्हणाले आणि गेले.

मी ओगल्यांवर तुटून पडले. आमचं जे भांडण झालं त्यात मी त्यांना नको नको ते बोलले. ते शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "खरं सांगितलं तर त्याच्या पदरात काय पडतं, बाई? की तू किल्ली हातात घेऊन परत बसलास? तो त्या किल्लीसकट जन्मभर जगायचा. त्यापेक्षा हे बरं."

"त्याच्यासाठी बरं की तुमच्यासाठी?"

संत्री कोणी खाल्ली नाहीत. आठवड्याने मी ती टाकून दिली.

खैरे पुढच्या शनिवारी पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. यार्डातलं काम उरकून यायचे, दहा-पंधरा मिनिटं बसायचे आणि एकच काहीतरी विचारायचे. पाणी कोणी दिलं? भांडं कसलं होतं? उभा राहिला तेव्हा कोणाचा हात धरला? आणि ओगले सांगायचे. पाणी यष्टिरक्षकाने दिलं, स्टीलचं तांब्याभांडं होतं, हात कोणाचा धरला नाही, स्वतःच उठला. खैरे ऐकताना डोळे मिटायचे. मला तिथे बसवत नसे. मी गच्चीवर जाऊन वायरी तपासत बसायची.

दर शनिवारी ते गेल्यावर ओगले म्हणायचे, "पुढच्या खेपेला सांगतो." सुरुवातीला माझा विश्वास बसायचा.

डब्यावरचे ओगले मात्र बदलले. लाइन तुटली की ते गप्प राहायला लागले. नुसती खरखर, पाच पाच मिनिटं. लोक कळ फिरवून बघायचे, डबा थोपटायचे, मग बंद करायचे. नाना चिडले, "अवो, कुत्रंबित्रं आना की!" ओगले म्हणाले, "कुत्रं मेलं." हळूहळू दुकानदारांनी खोके काढून माळ्यावर टाकले. मग मोबाइल आले, खासगी एफएम आलं, दिवसभर गाणी वाजायला लागली. नानांनी वायरी गुंडाळल्या आणि त्याच गच्च्यांवरून इंटरनेट ओढलं. आमच्या केंद्राचा इतिहास म्हणाल तर एवढाच आहे. तो कोणी लिहिलेला नाही आणि लिहिण्यासारखा राहिलाही नाही.

मला हिंजवडीत एका आयटी कंपनीत काम मिळालं. तिथल्या मुलामुलींच्या कानांवरचे हेडफोन दुरुस्त करायचं. रात्रंदिवस परदेशातल्या लोकांशी बोलणारी ती मुलं, बोलताना खोटी नावं घ्यायची. मला ओगले आठवायचे. मी महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जायची. कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. आणि शनिवारी गेले की खैरे तिथे असायचेच. डबा बंद झाला, तरी त्यांनी घर शोधून काढलं होतं.

ती गोष्ट आता पंचवीस मिनिटांत मावत नव्हती. ओगल्यांनी तोवर काय काय घातलं होतं! संतोषने कुंपणाकडे बघून बाबांना विचारलं होतं. आईसाठी निरोप दिला होता. शेवटचा सामना जिंकल्यावर काय घेणार ते मित्राला सांगितलं होतं. ज्या माणसाने नानांच्या मेहुण्याच्या पोराला एक धाव दिली नाही, त्याने या पोराच्या तोंडात वाक्यंच्या वाक्यं घातली होती. मी ऐकायची. आणि मी? मीही कुठे बोलले? टाळ्यांचं मी कोणाजवळ काढलं नव्हतं.

शेवटचा शनिवार सांगते. सात वर्षं उलटली होती. उन्हं उतरत होती. खैरे बरेच वाकले होते, ओगल्यांचा आवाज मात्र तसाच खणखणीत. खैऱ्यांनी त्या दिवशी विचारलं, "त्याला दुखत व्हतं का?"

"अजिबात नाही," ओगले म्हणाले. "मला स्वतः म्हणाला... म्हणजे कदमला म्हणाला, काही दुखत नाही."

खैरे उठले. मीही निघाले. जिना उतरताना ते मधल्या वळणावर थांबले, कठड्याला धरून.

"ताई," म्हणाले, "आज मी शेवटचा आलो."

"का हो?"

"दमलो." मग शांतपणे म्हणाले, "कदम दहाव्यालाच आला व्हता माझ्याकडं. घाटावर. पाया पडून सगळं सांगून गेला. पोरगं उठलंच न्हवतं. पानी न्हाय, हसनं न्हाय. लाइन तुटली व्हती."

मी पायरीवरच बसले. दहाव्याला! म्हणजे पहिल्यांदा संत्री घेऊन आले, हात जोडले, तेव्हाही.

"मग तुम्ही सात वर्षं दर शनिवारी..."

"त्यांच्या तोंडनं ऐकायचं व्हतं. दर वारी इचारलं. एक दार लावलं की दुसरं उघडून दिलं. किल्लीचं म्हनाल तर ती माझी मला हाय. पर ते एकदा म्हनाले असते की खैरे, मला दिसत न्हवतं... तर मी त्यांना म्हनलो असतो, मला बी." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "तुम्ही बी व्हता की ताई तिथं."

"टाळ्या मी वाजवल्या," मी म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "वर जाऊन सांगा त्यांना," एवढंच म्हणाले, "की मला ठावं हाय." आणि उतरून गेले.

मी वर गेले. ओगले कप विसळत होते. मी दारातूनच सांगितलं. खैऱ्यांना दहाव्यापासून सगळं ठाऊक आहे, मी म्हणाले. घाटावर कदमने सांगितलं. ओगल्यांना आधी समजलंच नाही.

"म्हणजे ते हसण्याचंही?"

"हो."

"आईच्या निरोपाचं?"

"सगळं, ओगले. प्रत्येक वेळी."

मी माणसाचा चेहरा असा होताना कधी बघितला नव्हता आणि पुन्हा बघायचाही नाही. सात वर्षांतला एकेक शनिवार त्यांना आठवत असावा, आणि प्रत्येक शनिवारी समोर डोळे मिटून बसलेला तो माणूस. त्यांनी कप खाली ठेवला, तो कलंडला. खाली टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला आणि ओगले गॅलरीकडे धावले. त्यांना धावताना मी तेव्हाच बघितलं.

"खैरे!" ते ओरडले. कठड्यावरून अर्धे बाहेर वाकले होते. मी मागून त्यांचा सदरा घट्ट धरला. "खैरे, तो उठला नव्हता! मी खोटं बोललो! मला काही दिसत नव्हतं! खैरे, मला काही दिसत नव्हतं!"

समोरच्या इमारतीतले लोक गॅलऱ्यांत आले. खाली खेळणारी पोरं वर बघायला लागली. ओगल्यांना कोणाची शुद्ध नव्हती. इतक्या मोठ्याने ते माईकवरही कधी बोलले नसतील. तेच तेच ओरडत राहिले, आवाज फाटेपर्यंत. टेम्पो गल्लीच्या टोकाला गेला होता. तिथे त्याचे मागचे लाल दिवे लागले. तो थांबला. मग डावीकडे वळून मोठ्या रस्त्याला लागला.

चार महिन्यांनी ओगले गेले. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेले नव्हते, त्यामुळे मला दिसतात ते त्या कठड्यावर वाकलेलेच. लोक मला विचारतात, खैऱ्यांना ऐकू गेलं का हो? म्हणून थांबला असेल का टेम्पो?

त्या टोकाला चौक आहे. तिथे सगळेच थांबतात. खैऱ्यांना ऐकू गेलं की नाही, हे मला माहीत नाही.